सहरीनंतरची दहा मिनिटे

सहरीची वेळ संपायला दहा मिनिटे उरली, असे मशिदीच्या भोंग्यावरून पुकारले जाते आणि घरात एकच धांदल उडते. कोणी चहाचा शेवटचा घोट घेतो, कोणी तांब्याभर पाणी घटाघटा पितो, मुले शेवयांची वाटी चाटूनपुसून संपवतात. मग अजान होते, फजरची नमाज होते आणि शाळा-कचेरीला अजून अवकाश आहे म्हणून बहुतेक जण पुन्हा आडवे होतात. या गडबडीत एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे दात घासणे.

'राहिले तर राहिले. आता दिवसभर काही खायचेच नाही, मग दात किडणार कशाने?' लहानपणी मी अम्मीशी असा वाद घालत असे. वाद बिनतोड वाटायचा, पण तो चुकीचा होता, हे खूप उशिरा कळले.

आपल्या सगळ्यांच्याच दातांवर एक चिकट थर सतत साचत असतो. त्यात असंख्य जंतू राहतात. आपण साखर, मैदा, बिस्किट असे काही खाल्ले की हे जंतूही त्यावर जेवतात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या टणक आवरणातले कॅल्शियम विरघळवते. मात्र निसर्गाने आपल्याला त्यावर उपायही दिला आहे, तो म्हणजे लाळ. लाळ आम्ल धुऊन काढते, त्याचा जोर मोडते आणि गेलेले क्षार दाताला हळूहळू परत देते. खाणे थांबल्यावर साधारण अर्ध्या ते एक तासात तोंड पूर्वपदावर येते.

झोपेत मात्र लाळ फारच कमी सुटते. म्हणजे शेवया, फेणी, गोड चहा घेऊन दात न घासता झोपणे म्हणजे जंतूंना जेवणाचे ताट वाढून पहारेकऱ्याला सुट्टी देण्यासारखे आहे. पुढे दिवसभर पाणी नाही, म्हणून तोंड कोरडे राहते. रोज थोडे थोडे असे महिनाभर चालते आणि ईदनंतर दाढ ठणकू लागली की आपण शिरखुर्म्याला दोष देतो. खरा दोष असतो सहरीनंतरच्या त्या दहा मिनिटांचा.

हे फक्त रोजेदारांपुरते आहे असे समजू नका. रात्री दूध-साखर पिऊन झोपणारे मूल, उशिरा लग्नाचे जेवण जेवून तसेच अंथरुणावर पडणारे पाहुणे, रात्रपाळीत चार-चार कप गोड चहा घेणारा कामगार या सगळ्यांचे गणित तेच आहे. सकाळी दात घासण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, रात्री झोपण्यापूर्वी घासणे महत्त्वाचे आहे.

मिसवाकची काडी आणि कडुनिंबाची काडी

रमजानमध्ये मशिदीबाहेर अत्तर, टोप्या आणि खजुरांच्या जोडीने एक साधी काडी विकायला येते. तीच मिसवाक. अरबीत तिच्या झाडाला अराक म्हणतात, आपल्याकडे पीलू. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या आणि खारट जमिनीत हे झाड उगवते. प्रेषित मुहम्मद (स.) यांना दातांच्या स्वच्छतेची फार आवड होती. माझ्या अनुयायांना जड जाणार नसते, तर प्रत्येक नमाजापूर्वी मिसवाक करण्याचा हुकूमच दिला असता, अशा अर्थाचे त्यांचे वचन हदीसमध्ये आहे. अखेरच्या आजारपणातही त्यांनी मिसवाक केल्याचे आणि हजरत आयेशा यांनी ती काडी चावून मऊ करून दिल्याचे वर्णन आहे.

ही काडी म्हणजे नुसती श्रद्धेची गोष्ट नाही. तिच्या तंतूंनी दातावरचा थर खरवडला जातो. तिच्यात जंतूंची वाढ रोखणारे घटक आहेत. चावताना मोहरीसारखा जो झणका लागतो, तो त्यांतल्याच एकाचा. शिवाय चावण्यामुळे लाळ सुटते, हा फायदा वेगळाच.

आता आपल्या शेजारच्या परंपरेकडे पाहू. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात दिनचर्येचा एक अध्यायच आहे. त्यात सकाळी उठल्यावर रुई, वड, खैर, करंज अशा झाडांच्या काडीने दात घासायला सांगितले आहे. काडी तुरट, तिखट किंवा कडू चवीची असावी, करंगळीच्या टोकाएवढी जाड आणि बारा बोटे लांब असावी, टोक चावून मऊ करावे आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, एवढा बारकावा त्यात आहे. आपल्या खेड्यांत बाभळीची आणि कडुनिंबाची काडी तर अगदी कालपर्यंत होती. वाळवंटातल्या माणसाने आणि दख्खनच्या माणसाने आपापल्या झाडाची काडी मोडली, पण दोघांनी काम एकच केले.

मात्र काडी वापरायचीही एक रीत आहे. टोकाची साल अर्धा इंच सोलावी, टोक चावून त्याचा कुंचला करावा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवावा. आडवा जोर लावून घासले तर हिरड्या मागे सरकतात. वापरलेले टोक दर एक-दोन दिवसांनी कापून टाकावे. काडी ओल्या प्लॅस्टिकमध्ये कोंबून किंवा सदऱ्याच्या खिशात धुळीत ठेवू नये. एकाची काडी दुसऱ्याने वापरू नये, मग ते सख्खे भाऊ का असेनात.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दाढांच्या आतल्या बाजूला काडी नीट पोहोचत नाही आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट देते ते संरक्षण तिच्यातून पुरेसे मिळत नाही. म्हणून मिसवाक जरूर करावी, पण ब्रशला जोड म्हणून.

रोजात दात घासावेत का?

हा प्रश्न मला दर रमजानला विचारला जातो. हिंदू मैत्रिणी कुतूहलाने विचारतात, तर आपली मुले जरा धास्तीने.

पेस्टचा फेस किंवा पाणी गिळले गेले तर रोजा तुटतो. आपल्याकडील बहुसंख्य मुस्लिम हनफी परंपरेचे आहेत. त्या परंपरेत रोजात कोणत्याही वेळी मिसवाक करायला हरकत नाही, मात्र चव असलेली पेस्ट किंवा मंजन दिवसा टाळावे, असे उलेमा सांगतात. कोकणातील मुस्लिम प्रामुख्याने शाफई परंपरेचे आहेत. त्यांच्यात दुपार कलल्यावर मिसवाकही टाळण्याकडे कल आहे. तपशिलाचे आपापल्या इमामांना विचारावे. पण दातांना हवे ते कोणत्याच मताच्या आड येत नाही. पेस्ट लावून एकदा सहरीनंतर अजानपूर्वी आणि एकदा रात्री तरावीहनंतर झोपण्यापूर्वी घासले, की दातांचे दिवसाचे देणे फिटते. त्यासाठी सहरी दहा मिनिटे आधी संपवायची, एवढेच. सहरीत लिंबू सरबत किंवा संत्रे असेल तर ते अगदी शेवटी न घेता सुरुवातीला घ्यावे. आंबटानंतर लगेच ब्रश फिरवला तर मऊ पडलेले आवरण झिजते. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि मग घासावे.

दिवसभरात पाच नमाजांसाठी वजू होतो आणि प्रत्येक वजूत तीनदा चूळ भरली जाते. रोजात पाणी घशात जाऊ नये म्हणून ती हलकी भरतात, पण भरतात. आपल्या मराठी घरांत जेवून उठल्यावर खळखळून चूळ भरायची जी जुनी सवय होती, ती अशीच गुणाची. हात धुण्याचा टिश्यू पेपर आला आणि ती चूळ गेली. ती परत आणायला एक पैसा लागत नाही.

रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाहला कस्तुरीहून प्रिय आहे, असे हदीसमध्ये सांगितले आहे. उपाशीपोटी येणाऱ्या वासाची कोणी लाज बाळगू नये, हा त्यातला दिलासा आहे. दात न घासण्याची ती परवानगी नव्हे. तोंडाच्या वासाचा मोठा भाग जिभेच्या मागच्या बाजूला साचलेल्या थरातून येतो. आपल्या घरोघरी असलेली तांब्याची किंवा स्टीलची जीभ घासणी दिवसातून एकदा हलकी फिरवली तरी मोठा फरक पडतो.

दाढ ठणकत असेल तर ईदपर्यंत लवंग दाबून थांबू नये. गिळले काही जात नसेल तर दात भरणे किंवा हिरडीतले भुलीचे इंजेक्शन यांनी रोजा तुटत नाही, असे अनेक उलेमांचे मत आहे. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर तेवढे दिवस भरून देण्याची मुभा तर कुराणातच आहे. सूज गालावर उतरली, ताप आला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

इफ्तारचे ताट

खजूर आणि पाण्याने रोजा सोडणे ही सुंदर रीत आहे. खजूर चिकट असतो, पण लगेच पाणी प्यायले की तो दातांत राहत नाही. दातांना खरा त्रास होतो तो इफ्तार ते सहरी चालणाऱ्या चरण्याने. भजी, गुलाबी सरबत, फिरनी, तरावीहहून येताना मालपुवा, मग गप्पांत चहा, मग मोबाइल बघत बिस्किट. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, याला दातांच्या हिशेबात जास्त महत्त्व आहे. प्रत्येक वेळी तोंडात आम्ल तयार होते आणि लाळेला सावरायला उसंत मिळत नाही. गोड खायचे ते जेवणाबरोबर एकदाच खावे. सरबत तासभर घोट घोट पीत बसू नये. मधल्या वेळी पाणी, काकडी, शेंगदाणे, फुटाणे खावेत. गणपतीतला मोदक आणि दिवाळीतला फराळ यांनाही हाच नियम लागू आहे.

फुफूची डबी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते.

आमची फुफू, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, बारा-तेरा वर्षांची असल्यापासून मिश्री लावायची. मुंबई-कोकणात हिला मशेरी म्हणतात. लहानपणी दात दुखला म्हणून तिच्या दादीने चिमूटभर बोटावर दिली, ती कायमची चिकटली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. शेजारच्या आक्का आणि फुफू मिळून हे काम दर पंधरवड्याला करत. तवा एकीचा, तंबाखू दुसरीची. त्या दिवशी सगळी गल्ली खोकायची. मग दोघी ओट्यावर बसून तर्जनीने हिरड्यांवर मिश्री फिरवत तासभर बोलत. आम्ही काही म्हटले की फुफूचे उत्तर ठरलेले, "अगे, इससे दातां मजबूत रहते." आक्का मराठीत तेच सांगायच्या.

दात मजबूत राहत नाहीत. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिने हिरड्या मागे सरकतात, दात काळवंडतात आणि मुळे उघडी पडतात. तंबाखूत कर्करोग घडवणारे घटक असतातच, भाजल्याने त्यांत आणखी भर पडते. गरोदर बाईने लावली तर बाळाचे वजन कमी भरते. पण ती 'मंजन' म्हणून वापरली जाते, त्यामुळे तिला व्यसन म्हणायला कोणी धजत नाही. पानटपरीवर उभी राहायला संकोच करणारी बाई ओट्यावर बसून बिनधास्त मिश्री लावते.

रमजानमध्ये फुफूची डबी सहरीनंतर कपाटात जायची. इफ्तारला एक खजूर, दोन घोट पाणी आणि लगेच डबी. जेवण त्यानंतर. तेरा तास ती त्या क्षणाची वाट पाहत असायची.

२०२४ च्या रमजानमध्ये दुसऱ्या आठवड्यात तिने इफ्तारची चटणी बाजूला सारली. "तिखट झोंबतं," म्हणाली. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीने मोबाइलचा दिवा लावून तिच्या तोंडात पाहिले. खालच्या ओठाच्या आत, जिथे बोट रोज फिरायचे नेमके तिथे, पांढरा चट्टा होता. तो पुसून निघत नव्हता. डॉक्टरांनी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे दहा दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही.

अहवालात कर्करोग नव्हता. पण पेशी बदलू लागल्या होत्या. मिश्री चालू राहिली तर पुढचा टप्पा तोच, असे डॉक्टरांनी सरळ सांगितले. फुफूने विचारले, "दिवसातून दोनदाच लावली तर?" डॉक्टरांनी उलट विचारले, "मावशी, रोजात किती तास लावत नाही?" ती म्हणाली, "तेरा." "मग ते कसं जमतं?" "नीयत केलेली असते ना." डॉक्टर म्हणाले, "मग उरलेल्या अकरा तासांचीही करा."

हे ऐकायला छान वाटते, पण करायला तसे नव्हते. शेवटचे दहा रोजे चालू होते. पहिल्या तीन रात्री फुफूचे डोके ठणकत होते, झोप नव्हती, ती सगळ्यांवर खेकसत होती. चौथ्या रात्री तिने गुपचूप चिमूट लावली आणि सकाळी स्वतःच सांगून रडली. त्या दिवशी आक्का आल्या, फुफूची डबी उचलली आणि म्हणाल्या, "आपा, माझी पण डबी यात घाला. एकटीनं सोडू नका." दोन्ही डब्या गटारात रिकाम्या झाल्या.

त्या वर्षी ९ एप्रिलला पाडवा होता आणि ११ ला ईद. पाडव्याला आक्कांनी कडुनिंबाचा पाला आणि गूळ आणून दिला, ईदला आम्ही त्यांच्याकडे शिरखुर्मा पाठवला. दोघींनी मिश्रीशिवाय काढलेला तो पहिला सण. आक्का त्यानंतर दोनदा घसरल्या आणि दोन्ही वेळा फुफूने त्यांना धरून आणले. फुफूचा चट्टा लहान झाला आहे, पण पूर्ण गेलेला नाही. दर तीन महिन्यांनी तपासणीला जावे लागते. तपासणीच्या आदल्या रात्री ती तहज्जुदला जरा जास्त वेळ बसते.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यालाही बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कोणताच कायदा पोहोचत नाही. तिथे घरच्या माणसांनीच पोहोचावे लागते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात साधारण दर चार प्रौढांमागे एक जण तंबाखूचा वापर करतो आणि त्यांतले बहुतेक धुराविना, म्हणजे तोंडात ठेवून. ही एका धर्माची किंवा एका गल्लीची गोष्ट नाही. सोडायची इच्छा असेल तर सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तिथे बोलून मदत मिळते.

महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहून गालांच्या आत, ओठांच्या आत, जिभेच्या कडांना आणि जिभेखाली पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट सहन न होणे, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. वेळीच सापडले तर उपाय सोपा असतो.

घरात सगळ्यांसाठी

बाकीच्या सवयी साध्या आहेत. मऊ केसांचा ब्रश घ्यावा आणि तीन महिन्यांनी किंवा केस फिसकारले की बदलावा. सकाळी आणि झोपण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे, हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे ब्रश तिरका धरून हलका फिरवावा. नंतर फेस थुंकावा, पण भांडेभर पाण्याने सगळे धुऊन टाकू नये. पेस्टमधले फ्लोराइड थोडा वेळ दातांवर राहू द्यावे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत विहिरी आणि बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. तिथे पाणी तपासून घेणे आणि पेस्टबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे बरे.

हिरडीतून रक्त येते म्हणून ब्रश बंद करू नये. बहुधा तिथे थर साचल्यामुळेच रक्त येते. मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्यावे, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येणे अवघड जाते. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. दवाखान्यात दात साफ केले की ते हलू लागतात आणि वरची दाढ काढली की डोळा अधू होतो, या दोन्ही समजुतींना काही आधार नाही.

रमजान हा सवयी बदलण्याचा महिना आहे, असे आपण म्हणतो. भूक-तहान तीस दिवस आवरता येते, तर झोपण्यापूर्वी दोन मिनिटे काढणे का जमू नये? यंदा आमच्या घरी सहरीची ताटे दहा मिनिटे आधी उचलली जातात. मग मोरीपाशी रांग लागते. सर्वांत पुढे फुफू असते. एका हातात मऊ ब्रश आणि दुसऱ्या हातात आक्कांनी बाजारातून आठवणीने आणून दिलेली मिसवाकची काडी.